व्हेनिसच्या दारातून

सुरगाण्याच्या स्टँडवर नाशिकची एसटी अजून लागलेली नाही. तू कानात इयरफोन घालतोस, डोळे मिटतोस. उघडतोस तेव्हा साल १९७१ आहे आणि तू चर्चगेटला, ॲस्टोरिया हॉटेलातल्या ‘व्हेनिस’ क्लबात उभा आहेस. सिगारेटच्या धुरानं डोळे चुरचुरतात. खरं तर तुला दारातूनच हाकलायला हवं होतं. सुरगाण्याच्या पोराला तेव्हा इथं कोण आत घेणार!

मंचावर लॉर्ना कोर्देरो. तिच्या शेजारी ट्रम्पेट घेऊन ख्रिस पेरी, मडगावच्या बोर्ड्याचा, कपाळाला आठी. सूर जरा हलला की त्याची नजर वळते. लॉर्ना गाते ती साता समुद्रापलीकडची जॅझ गाणी, दुसऱ्यांची. पण उसनी वाटत नाहीत. आवाज पोटातून येतो, जरा खरबरीत. वर जाताना आता फाटणार असं वाटतं, तिथंच मोकळा होतो. तुला बोहाडा आठवतो. मुखवटा पिढ्यान्‌पिढ्यांचा, संबळाची चाल ठरलेली. तरी आत कोण नाचतंय हे गाव पावलावरून ओळखतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धोबीतलावचा एक कूड. गोव्यातल्या एकेका गावानं आपल्या माणसांसाठी मुंबईत चालवलेलं हे बिऱ्हाड: भिंतीलगत पत्र्याच्या पेट्या, क्रूस, कोपऱ्यात रेकॉर्डप्लेअर. तबकडी फिरते. तेच ट्रम्पेट, तोच आवाज, पण शब्द कोंकणी आणि चाल ख्रिसची स्वतःची. ‘बेबदो’. तू दचकून हसतोस. हा तर आपला बेवडा! तुझी कोकणा बोली वेगळी, ही कोंकणी वेगळी, नावावरून लोक गल्लत करतात. पण बेवडा कुठंही ओळखू येतो. पेटीवर बसलेला म्हातारा बोटांनी ठेका धरतो. “कुंपास,” तो म्हणतो. पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. ताल.

याच शब्दाच्या नावानं, ‘नाचोंया कुंपासार’ म्हणून, २०१४ साली सिनेमा येणार आहे. त्याआधी ही जोडी फुटणार आहे, आणि हा आवाज दोन दशकांहून जास्त काळ गप्प राहणार आहे, थेट १९९५ च्या ‘हॅलो लॉर्ना’पर्यंत. खोलीत हे फक्त तुला ठाऊक. सांगावं का?

म्हातारा तबकडी उलटतो, सुईवरची धूळ फुंकतो आणि सरकून तुला पेटीवर जागा करून देतो.