कावसजीचं नाक आणि काकाचं बूच

मे २०२१. कोरोनातून उठलेल्या काकाचा गाल दुखायला लागला, दात हलायला लागले. म्युकर निघाला. अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनांसाठी तेव्हा पुण्यात चाललेली वणवण बर्‍याच घरांना आठवत असेल, ती परत सांगत नाही. काकाचा वरचा उजवा जबडा टाळूसकट काढावा लागला. जीव वाचला. आम्ही सुटलो असं आम्हाला वाटलं. काकाचं खरं तिथून सुरू झालं.

पाणी प्यायलं की नाकातून बाहेर. आमटीभात चारचौघांत खाणं बंद. आणि बोलणं सगळं नाकात, 'बाबा'चं 'मामा' व्हायचं. आधी तात्पुरती आणि जखम भरल्यावर पक्की अशी अ‍ॅक्रिलिकची कवळी बसली. टाळूतलं भोक बुजवणारा पोकळ गोळा तिच्यावरच असतो. डॉक्टर तिला ऑब्ट्युरेटर म्हणतात, काका 'बूच' म्हणतो. बूच बसल्यावर काकाने पहिलं काय केलं असेल? गॅसवाल्याला फोन. पलीकडच्याला पत्ता एका दमात कळला, त्या दिवशी घरात श्रीखंड आलं.

त्याच सुमारास मी कावसजीबद्दल वाचत होतो. नाव पारशी वाटतं खरं, पण ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापलेल्या पत्रात तो शेतकरी जातीचा मराठा म्हटलाय. इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकायचा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्यांनी नाक कापलं, एक हातही तोडला. वर्षभर तो तसाच राहिला आणि मग पुण्याजवळच्या एका विटा पाडणार्‍या कुंभाराने त्याला नवीन नाक करून दिलं!

रीत अशी. नाकाच्या थोट्यावर मेणाचा पातळ साचा बसवायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ मारायची. तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवून, म्हणजे रक्त चालू राहतं. मग ती फिरवून खाली नाकावर बसवायची. वर काथ भिजवून लावलेल्या कापडाचे पाच-सहा थर, चार दिवसांनी तुपात बुडवलेल्या पट्ट्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी तोडायची. काथ आणि तूप! मुंबईच्या टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या डॉक्टरांनी हे होताना पाहिलं होतं. पुढे १८१४ साली जोसेफ कार्प्यूने लंडनमध्ये हीच रीत वापरली आणि जगभर तिला 'भारतीय पद्धत' हे नाव पडलं.

पेशव्यांच्या दरबाराची चित्रं काढणार्‍या जेम्स वेल्सने कावसजीचंही चित्र काढलं, जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी. पुढच्याच महिन्यात वानवडीला महादजी शिंदे वारले. त्यांच्या निधनाचे किती कागद आहेत! कावसजीबद्दल मात्र इतकंच, की नाक चांगलं बसलं आणि कंपनीने पेन्शन दिली. उरलेल्या एका हाताने संसार कसा केला? लग्नकार्यात पंगतीला बसला का? कुंभाराचं तर नावही कुणी टिपलं नाही.

फ्रॉइडचं उलटं. १९२३ साली व्हिएन्नात हान्स पिख्लरने त्याच्या वरच्या जबड्याचा भाग काढला. घरात त्या कवळीला 'राक्षस' म्हणत. मुलगी अ‍ॅना ती बसवायला-काढायला मदत करायची. १९३० चं गोएथे पारितोषिक घ्यायलाही तीच गेली. १९३९ मध्ये मरेपर्यंत, सोळा वर्षं, त्याने ती वागवली, आणि ती किती रुतायची हेसुद्धा आपल्याला ठाऊक आहे. मोठ्या माणसाचं दुखणंही लिहून ठेवलं जातं.

मागच्या रविवारी मी काकाला कावसजीचं चित्र दाखवलं. त्याने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मला वाटलं कपाळावरची खूण शोधतोय.

"ह्याला वास यायचा का रे?" काकाने विचारलं.

मग बूच धुवायला उठला.