पाव देऊ की स्लाइस?

निपाणी स्टँडजवळच्या गाड्यावर वडा मागितला की पुढचा प्रश्न येतो, "पाव देऊ की स्लाइस?" कोल्हापूर इथून चाळीसेक किलोमीटरवर. तिथं मिसळ असो की कटवडा, ताटलीत ब्रेडच्या स्लाइसच पडतात आणि ती सवय दूधगंगा ओलांडून इकडंही आली आहे. मुंबईहून आलेला माझा भाचा मात्र हे ऐकून बिथरला. "मामा, वडापाव म्हणजे आपला बर्गर. पण स्लाइसमध्ये घातला की सँडविच झाला की!" मग तिथंच, तिखटानं नाक गळत असताना, बर्गर सँडविचमध्ये मोडतो का यावर आमचा वाद रंगला.

सँडविच हा शब्द लेखी पहिल्यांदा सापडतो तो 1762 मध्ये, एडवर्ड गिबन या इंग्रज इतिहासकाराच्या रोजनिशीत. म्हणजे पानिपताच्या पुढच्याच वर्षी. नाव पडलं सँडविचच्या चौथ्या अर्लवरून, म्हणजे एका इंग्रज उमरावावरून. पत्त्यांच्या डावावरून उठायला नको म्हणून त्यानं पावाच्या तुकड्यांत मांस मागवलं, अशी गोष्ट सांगतात. हॅम्बर्गर हे नाव मात्र जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराचं. त्या नावानं आधी ओळखला जाई तो नुसता खिम्याचा भाजलेला गोळा. अमेरिकेत न्यू हेवनचं 'लुईज लंच' 1900 पासून तो पावात घालून विकत असल्याचं सांगतं, आणि गंमत म्हणजे तिथं तो आजही टोस्टच्या दोन स्लाइसमध्येच मिळतो, बनमध्ये नाही. म्हणजे निपाणीच्या गाडीवाल्याला सातासमुद्रापार भाऊबंद आहेत.

आमच्या पावाचं कूळ वेगळं. शब्द पोर्तुगीज 'पांव'वरून आला, चोर्ल्याच्या घाटापलीकडच्या गोव्यातून. पायानं मळतात म्हणून पाव, ही आमच्या आजीची व्युत्पत्ती. ती खोटी असली तरी तिनं जन्मभर पाव न खायला तेवढी पुरली. स्लाइसचा ब्रेड इंग्रजांचा. तेव्हा गाडीवाला "पाव की स्लाइस" विचारतो, तेव्हा खरं तर पोर्तुगीज की इंग्रज असंच विचारत असतो.

बाटण्याची ही आजीची धास्ती तिच्या एकटीची नव्हती. 1890 साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे अशी बडी मंडळी जमली. पुढ्यात चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि गहजब झाला. तक्रार गेली कुठं, तर संकेश्वर पीठाच्या शंकराचार्यांकडे. संकेश्वर म्हणजे निपाणीहून बेळगावला जाताना हायवेवर लागतं तेच. शंकराचार्यांनी चौकशीला दोन शास्त्री नेमले, त्यातले एक व्यंकटशास्त्री निपाणीकर! टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी पुढं घेतलं. बिस्किटाची जात काय, याचा निकाल लावायला आमच्या भागातली माणसं लागली, याचा मला उगाच अभिमान वाटतो.

असे निकाल अजूनही लागतात. 2020 मध्ये कर्नाटकच्या जीएसटी अग्रिम निर्णय प्राधिकरणानं मलबार परोटा ही रोटी नव्हे असं ठरवलं. रोटी तयार असते, हा परोटा गरम करावा लागतो, म्हणून तेव्हा 5 टक्क्यांऐवजी 18 टक्के कर ठरला. अमेरिकेत 2006 साली एका न्यायाधीशानं बरिटो हा सँडविच नाही असा निर्णय दिला होता. वाद होता मॉलमधल्या भाडेकराराचा, पण पणाला लागली सँडविचची व्याख्या.

वडापावाचा जन्म 1966 चा मानतात, दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर. त्याच साली सीमाभाग कुणाचा हे ठरवायला महाजन आयोग नेमला गेला. पुढच्या वर्षी आयोगानं बेळगाव कर्नाटकात ठेवलं, निपाणी महाराष्ट्राला द्यायला सांगितलं. वडापाव सगळीकडं पोचला. निपाणी आहे तिथंच आहे.

भाच्याला मी माझी कसोटी सांगितली. ब्रेड काढून घे आणि बघ काय उरतं. सँडविचमधून काढलास तर काकडीच्या चार चकत्या आणि थोडी हिरवी चटणी उरेल, त्याला कुणी नाव दिलेलं नाही. वडापावातला पाव काढ, वडा शिल्लक आहे. बर्गरचा बन काढ, हॅम्बुर्गचा गोळा शिल्लक आहे. म्हणून बर्गर सँडविच नव्हे, तो वडापावाच्या घरातला.

"मग लुईज लंचवाला?" भाच्यानं विचारलं. मी जरा अडखळलो. एवढ्यात गाडीवाल्यानं पाव उचलला, सुरी घालून पोट उघडलं, पण पाठीकडची बाजू जोडलेलीच ठेवली. आत लसणाची सुकी चटणी दाबली, वर वडा, शेजारी तळलेली मिरची. मग दोन सुट्या स्लाइस कागदावर टाकून दुसरा वडा त्यावर ठेवला आणि भाच्यापुढं सरकवला.

"ह्याला काय म्हणायचं, अण्णा?" भाच्यानं विचारलं.

"वडा," तो म्हणाला. "पंधरा रुपये."