काचेआडचे प्रवाळ

ठाण्याला खोपटच्या एस.टी. स्थानकापाशी मुले गोळा करायची, लोकलने दादर, तेथे गाडी बदलून चर्नी रोड, आणि चालत तारापोरवाला मत्स्यालय, असा आमच्या सहलीचा ठरलेला मार्ग असे. १९५१ साली सुरू झालेल्या या मत्स्यालयात आम्ही प्रथम कॅमेरा नेला, तेव्हा रोल धुऊन आल्यावर बहुतेक चित्रांत मासा नव्हताच. होता तो फ्लॅशचा पांढरा गोळा.

काच, पाणी आणि प्रकाश या तिघांशी झगडणारे आम्ही अर्थातच पहिले नव्हतो. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लुई बुताँ याने १८९३ साली दक्षिण फ्रान्समधील बान्यूल येथे भावाच्या मदतीने जलरोधक पेटीत कॅमेरा बसवून तो समुद्रात उतरवला. प्रकाश इतका अपुरा, की एका चित्राला अर्धा तासही लागे. मासा तितका वेळ कशाला थांबेल? मग ऑक्सिजनयुक्त हवेच्या पिंपावर स्पिरिटचा दिवा ठेवून रबरी फुग्याने ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड उडवण्याची युक्ती निघाली. रंगांना १९२६ साल उजाडले. विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळ ऑटोक्रोम काचपट्ट्यांवर माशांची रंगीत चित्रे घेतली. या पट्ट्यांवर बटाट्याच्या पिठाचे रंगवलेले सूक्ष्म कण असत! तराफ्यावर मॅग्नेशियमची दारू उडवताना लाँगली भाजला होता.

आमचे धडे सोपे होते. भिंग काचेला भिडवून, काटकोनात धरावे. तिरके धरले तर पाणी-काच-हवा या प्रवासात वक्रीभवनाने रंग फाकतात आणि कडा पुसट होतात. फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर, बाजूने द्यावा. आजच्या प्रवाळ-टाक्यांत मात्र अडचण वेगळीच आहे. तेथील दिवे निळे असतात, कारण प्रवाळांतील शैवालांना तो प्रकाश मानवतो. चित्र सारे निळे येते, आणि काही प्रवाळ निळा प्रकाश शोषून हिरवा वा लाल परत देतात. हा केवळ देखावा नव्हे. अशाच हौशी टाकीतल्या प्रवाळातून मॉस्कोच्या संशोधकांनी १९९९ साली लाल प्रतिदीप्तीचे प्रथिन मिळवले. पेशींच्या अभ्यासात ते आज सर्रास वापरले जाते.

आपल्याकडे २००१ साली सर्व कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. ते वर्गात आणता येत नाहीत, आणावेतही कशाला? मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, पण तेथे सगळ्या मुलांना नेणे कुठले जमायला! म्हणजे वर्गात येणार ते चित्रच. त्यात एखादी फांदी पांढरी दिसली, तर पाणी तापल्याने शैवाल निघून गेले की आमच्या हातून प्रकाश जास्त झाला, हे मुलांनी कशावरून ओळखायचे? म्हणून हल्ली आम्ही चित्राच्या कोपऱ्यात एक राखाडी पट्टी येऊ देतो. चित्र जरा बिघडते खरे.