निलंबन की निद्रा?

कर्जत तालुक्यात भीमेकाठी सिद्धटेक आहे, अष्टविनायकांपैकी एक. कथा अशी: विष्णू योगनिद्रेत असताना मधु-कैटभ हे दैत्य उपटले. जाग आली तरी ते आवरेनात, तेव्हा विष्णूने इथे तप करून सिद्धी मिळवली. म्हणजे झोपेपेक्षा जागं झाल्यानंतरचंच अवघड. लॅपटॉपवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

लॅपटॉपच्या झोपेला इंग्रजीत 'सस्पेंड' म्हणतात; मराठीत काय म्हणावं? 'सस्पेंड'चं मूळ लॅटिन. अर्थ टांगून ठेवणं. गंमत म्हणजे आपल्या 'निलंबना'तला 'लंब्' धातूही लोंबण्याचाच! पण 'निलंबित' म्हटलं की डोळ्यांपुढे सरकारी बाबू येतो, संगणक नाही. संगणकाच्या झोपेचा दुसरा शब्द 'हायबरनेट' हिवाळ्यातून आलेला, आपल्या 'हेमंता'चा दूरचा भाऊबंद.

१९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मांडलेल्या, संगणकाचा वीजवापर सांभाळणाऱ्या एसीपीआय मानकात उपकरणांच्या झोपेच्या पायऱ्या आहेत: डी-० म्हणजे टक्क जागं, डी-३ म्हणजे गाढ झोप. झोपवताना आधी पेन ड्राइव्ह, मग तो ज्याच्यावर अवलंबून तो यूएसबी नियंत्रक. उठवताना नेमकं उलट. घरातही आधी पोरं निजतात आणि पहाटे आई आधी उठते. हा क्रम चुकला, की झाकण उघडल्यावर पडदा काळाच राहू शकतो.

आषाढीला निजलेला देव कार्तिकीला उठतो, हे गृहीत धरणाऱ्या मराठीत 'सस्पेंड'साठी 'निलंबना'पेक्षा 'निद्रा'च शोभते.