परवाना, कचेरी आणि अर्जनवीस

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. मोटारवाल्याला मात्र कचेरीची पायरी टाळता येत नाही. वाहन विकत घेतले की त्याची नोंद, चालवावयाचे म्हटले की परवाना, विकले की नावाची बदली आणि मालाची गाडी असेल तर योग्यतेची तपासणी, अशा चार निमित्तांनी त्याला तेथे जावेच लागते. या हेलपाट्यांविषयीची कुरकूर जालना जिल्ह्यात आजही ऐकू येते. तिचे मूळ मोटारीपेक्षाही जुने आहे.

मोटारीला क्रमांक देण्याची कल्पना प्रथम पॅरिस शहरात निघाली. १८९३ मध्ये तेथील पोलिसांनी वाहनावर ओळखीची पाटी लावणे सक्तीचे केले. इंग्लंडने १९०३ मध्ये तसाच कायदा केला आणि १९१४ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात मोटार वाहनांचा पहिला सर्वसाधारण कायदा झाला. अपघात करून पळणाऱ्याची ओळख पटावी आणि अडाण्याच्या हाती चक्र जाऊ नये, हा या साऱ्या खटाटोपाचा हेतू होता. पुढे त्यास कराची जोड मिळाली. रक्षण आणि वसुली ही दोन भिन्न स्वभावांची कामे एकाच कचेरीच्या माथी आली, आणि रक्षणासाठी आलेल्या माणसालाही वसुलीच्या रांगेत उभे राहावे लागले.

जालना त्या काळी निजामाच्या राज्यात होते. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गामुळे येथील व्यापार वाढला. ‘जालना सोन्याचा पाळणा’ ही ख्याती तर त्याहून जुनी. निजाम सरकारने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी स्वतःची मोटार वाहतूक सुरू केली. परंतु खेड्यातील रयतेची खरी अडचण गाड्यांच्या संख्येपेक्षा निराळी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्यकारभारातील फारसी जाऊन तिच्या जागी उर्दू आली. अंबड-भोकरदनचा मराठी शेतकरी स्वतःचे गाऱ्हाणेही स्वतःच्या भाषेत मांडू शकत नसे. त्यामुळे कचेरीच्या दाराशी बसणारा अर्जनवीस हा त्याला अपरिहार्य झाला. साहेब आणि रयत यांच्यामधील ही तिसरी व्यक्ती लबाड होती असे नव्हे. राज्याची भाषा प्रजेला परकी असल्यामुळे ती निर्माण झाली होती.

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९५८ चा मोटार वाहन कराचा कायदा पुढे महाराष्ट्रातही चालू राहिला. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभारात हक्काचे स्थान मिळाले. तरी अंतराचा प्रश्न उरलाच. जालन्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी सुमारे साठ किलोमीटरवरील औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, जावे लागे. परतूरकराचा जिल्हा परभणी. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला आणि ही वाट तुटली. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आल्यावर जिल्ह्याच्या वाहनांवर ‘एमएच २१’ ही अक्षरे आली.

कचेरी जवळ आली, तरी अर्जनवीस गेला नाही. त्याचे नाव तेवढे बदलून ‘एजंट’ झाले. याचे कारण नमुन्यांच्या जंजाळात सापडते. नव्या गाडीच्या नोंदणीस नमुना २०, गाडी विकल्याची सूचना देण्यास २९, नावावर करून घेण्यास ३०, आणि कर्जाचा बोजा उतरविण्यास ३५. मंठ्याचा एखादा शेतकरी ट्रॅक्टरचे सगळे हप्ते फेडून मोकळा होतो. पण सावकार संस्थेच्या सहीचा नमुना ३५ कचेरीत पोहोचेपर्यंत त्याच्या नोंदणीपुस्तकावर कर्ज जिवंतच राहते. एक सही राहिली की एक खेप वाढते, आणि खेप म्हणजे बुडालेली दिवसाची मजुरी. अशा वेळी चारशे-पाचशे रुपये एजंटाच्या हाती ठेवणारा माणूस मूर्ख नसतो. त्याने आपला हिशेब नीट केलेला असतो.

हे ओळखून उपायही झाले. तत्कालीन परिवहन आयुक्त महेश झगडे यांनी जानेवारी २०१५ मध्ये कार्यालयांच्या आवारातून एजंटांना बाहेर काढण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी लोकसेवा हक्काचा कायदा होऊन सेवेस मुदतीचे बंधन आले. २०२१ पासून शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या देण्याची सोय झाली. पक्क्या परवान्यासाठी मात्र निरीक्षकासमोर गाडी चालवून दाखवावीच लागते, आणि ते योग्यच आहे. दुसरीकडे, २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना गाडी चालविण्याचा दंड पाचशेवरून पाच हजार रुपयांवर गेला. म्हणजे कचेरीत जाणे टाळण्याची किंमत दहापट झाली. तेथील काम दहापट सोपे झाले, असे मात्र म्हणता यावयाचे नाही. संगणकाच्या पडद्यावरील इंग्रजी शब्द ज्याला लागत नाहीत, तो आता एजंटाऐवजी बाजारातील सेवा केंद्राच्या बाकावर बसतो.

सारांश, गेल्या शतकात या जिल्ह्याने कचेरीचे अंतर पुष्कळ कमी केले. कागदाचे अंतर फारसे कमी झाले नाही. दलालाला आवाराबाहेर घालवून तो नाहीसा होत नाही, कारण त्याची गरज आवारात नसून अर्जाच्या भाषेत आहे. कोणता नमुना, कोणाची सही, किती शुल्क आणि किती दिवस, एवढे चार प्रश्न बदनापूर-जाफराबादच्या माणसाला स्वतःच्या भाषेत, पहिल्याच खेपेस आणि विनामूल्य सांगणारा एक जबाबदार कारकून दारात बसला, तर अर्जनविसाची ही दीर्घ परंपरा आपोआप संपेल. निजामाच्या राज्यात हे शक्य नव्हते. स्वराज्यात ते अशक्य राहण्यास कोणतेही कारण नाही.