फेरफाराची वही आणि वहीचा धनी

जमिनीचा व्यवहार पाहिलेल्या पालघर-बोईसरच्या माणसाला फेरफाराची वही समजावून सांगावी लागत नाही. धनी बदलला की सातबारावरील जुने नाव पुसून टाकीत नाहीत; त्याला कंस करतात व शेजारी फेरफाराचा क्रमांक घालतात. तलाठ्याने नोंद लिहावी, संबंधितांना नोटीस द्यावी आणि मंडळ अधिकाऱ्याने ती मंजूर करावी, ही जुनी रीत. लिहिणारा एक व मंजूर करणारा दुसरा, यातच गरिबाचे संरक्षण आहे.

संगणकाच्या आज्ञावलीही शेकडो हात मिळून लिहितात, म्हणून तेथेही फेरफाराची वही लागते. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली लिनक्सच्या कामासाठी ‘गिट’ ही अशी वही रचली. तिच्या प्रत्येक नोंदीची खूण तिच्या मजकुरावरून आणि मागील नोंदीच्या खुणेवरून ठरते. जुने पान बदलले, तर पुढील साऱ्या खुणा बदलतात व लबाडी उघडी पडते.

इतक्या पक्क्या व्यवस्थेतही 2022 साली भगदाड सापडले, आणि तेही पानांत नव्हे! आपण काम करतो त्या कप्प्यात वही नसली, तर गिट वरच्या कप्प्यात शोधी, मग त्याच्याही वर. वहीबरोबर सूचनांचा एक कागद असतो. त्यात यंत्राला आज्ञाही लिहिता येते. सामाईक यंत्रावर कोणी वरच्या जागी आपली वही ठेवली, की खाली बसलेल्याच्या अधिकाराने ती आज्ञा पाळली जाई.

तारापूरच्या कारखान्यांतील तीन पाळ्यांची माणसे एकाच यंत्रावर आपापल्या नावाने बसतात असे समजा. आज्ञा दुसऱ्याची, पण कृत्य मात्र आपल्या नावावर. सकाळी मेमो कोणाच्या हाती पडेल, हे कामगारांना सांगायला नको.

12 एप्रिल 2022 रोजी निघालेल्या 2.35.2 या आवृत्तीने इलाज केला तो साधाच. परक्याच्या मालकीची वही दिसली की गिट थांबते. तिच्यावर आपला विश्वास आहे असे आपणच लिहून दिले, तरच पुढे जाते.

हजेरीपट तपासताना आम्ही खाडाखोड पाहतोच; पण तो कोणाच्या ताब्यात होता, हे आधी विचारतो. सातबारा असो वा संगणक, नोंदीची शुद्धता पुरेशी नाही. वही कोणाची, हा प्रश्न विचारण्याचा हक्क तिच्यात ज्याचे नाव चढते त्याला असलाच पाहिजे.