सॉलिसिटराची उमेदवारी

सॉलिसिटरांच्या धंद्याचा इतिहास आम्ही कॉलेजात शिकलो नाही. कामगारांच्या दाव्यांपायी त्यांच्या कचेऱ्यांचे जिने चढता चढता त्याची गोडी लागली. सुताराचा पोर रंधा हाती घेण्यापूर्वी उस्तादापाशी उमेदवारी करतो, तशीच उमेदवारी इंग्लंडात 1729 च्या कायद्याने ॲटर्नी व सॉलिसिटर यांना लावली. मुदत पाच वर्षे, लेखी कराराने. एका ॲटर्नीने एका वेळी दोहोंहून अधिक उमेदवार ठेवू नयेत, असेही कलम त्यात होते. ते आम्हांस विशेष आवडते. उमेदवारांची पलटण बसवून फुकटात नकला काढून घेण्याची युक्ती मालकवर्गाला गिरण्यांच्याही आधी ठाऊक असली पाहिजे!

हेतू चांगलाच होता. ज्याच्या हाती परक्याचा पैसा, खरेदीखत, मृत्युपत्र जायचे, त्याचा हात आधी कोणी पारखावा, यात गैर काय? पण खर्च कोणी सोसावा? उमेदवाराला सहसा पगार नसेच. उलट त्याच्या बापाने उस्तादाला भरभक्कम रक्कम मोजायची, आणि 1794 पासून करारनाम्यावर सरकारचा 100 पौंडांचा मुद्रांक. त्याच कचेरीत शेजारच्या मेजावर पगारी कारकून बसे. 1827 साली पंधरा वर्षांचा चार्ल्स डिकन्स लंडनमध्ये असाच बसला होता. काम पुष्कळसे एकच. पण एकापुढे सनद, दुसऱ्यापुढे जन्मभर कारकुनी. 1821 साली ऑक्सफर्ड, केंब्रिज व डब्लिनच्या पदवीधरांची मुदत तीन वर्षांवर आली. कारकुनासाठी दार किलकिले झाले ते 1860 साली : दहा वर्षे इमानाने कारकुनी केली, तर पुढे त्यालाही तीन वर्षे पुरे. दहा अधिक तीन!

हीच रीत इंग्रजांबरोबर मुंबई हायकोर्टात आली. 1976 च्या दुरुस्तीने ॲटर्नींचा वेगळा वर्ग कायद्यातून गेला. तरी 1894 साली स्थापन झालेल्या बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा आणि तिच्यासाठीची उमेदवारी टिकून राहिली.

इंग्लंडात 2021 पासून परीक्षेच्या जोडीला दोन वर्षांचे देखरेखीखालचे काम लागते. ते चार ठिकाणांपर्यंत विभागून, मोफत सल्ला-केंद्रातदेखील करता येते. सनद मिळाल्यावरही नव्या पेढीच्या कामावर किमान तीन वर्षे वकिली केलेल्या माणसाची देखरेख असावी लागते. उमेदवारांसाठी ठरवलेला खास किमान पगार मात्र नियामक मंडळाने 2014 साली काढून टाकला, आणि सर्वसाधारण किमान वेतनावर त्यांची बोळवण केली.